ताप अंगावर काढून कामावर आलेल्या माणसाचं काय करायचं? छोट्या कारखान्यासाठी साथीच्या वेळचे नियम

भोसरीत आमचं प्रेस शॉप आहे, म्हणजे मशीनने पत्रा दाबून पार्ट काढायचं काम, जोडीला थोडं फॅब्रिकेशन. कायमचे बावीस आणि ठेकेदाराचे तीसेक, असे पन्नास-बावन्न लोक. मी टाइम ऑफिस बघतो, म्हणजे मस्टर (हजेरीचं रजिस्टर), पगार, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), गेटपास, आणि कोविडच्या दोन वर्षांत गेटवर थर्मल गन घेऊन उभं राहणं पण माझ्याच गळ्यात पडलं कारण मोठ्या कंपन्यांसारखा सेफ्टी ऑफिसर, डॉक्टर, एचआरचा मजला असलं काही आपल्याकडे नसतं. हे जे लिहितोय ते आपल्यासारख्यांसाठीच, वीस ते शंभर माणसांचं शॉप चालवणाऱ्यांसाठी. मोठ्यांकडे त्यांची छापील पुस्तकं असतात.

आधी आमचीच चूक सांगतो म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल. २०२० चा सप्टेंबर, पुण्यात पहिली लाट जोरात, आणि आमच्याकडे डिस्पॅच तुंबलेला. आमचे एक डाय सेटर आहेत, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवणारे, सगळे त्यांना मामाच म्हणतात, ते चार दिवस तापाने घरी होते आणि पाचव्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला हजर. मी गन लावली, ९७.६. मामांना विचारलं कसं वाटतंय, म्हणाले, साहेब एकदम ठणठणीत, घरी बसून कंटाळा आला. घेतलं आत. त्या दिवशी रिजेक्शन येत होतं म्हणून मामा सकाळी तासभर क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणीच्या, एसी रूममध्ये दोन इन्स्पेक्टरबरोबर बसले, दुपारी नेहमीच्या घोळक्यात डबा खाल्ला, आणि दोन वाजता कुणीतरी येऊन सांगितलं की मामा थरथरतायत. सकाळी सहाला गोळी घेऊन आले होते, ती उतरली. पुढच्या दहा दिवसांत सात जण आडवे, त्यात दोन्ही इन्स्पेक्टर, आणि मामा स्वतः सहा दिवस हॉस्पिटलला. सगळे वाचले हे नशीब.

नंतर मामांना शांतपणे विचारलं की का आलात, तर जे उत्तर मिळालं ते ऐकून मी गपच बसलो. आमच्याकडे हजेरीचा बोनस होता, महिन्यात एकपण खाडा नाही तर पूर्ण, चारपर्यंत खाडे असतील तर अर्धा, पाचवा पडला की सगळा गेला. मामांनी बरोब्बर चार खाडे केले आणि पाचव्या दिवशी आले. म्हणजे आयसोलेशन किती दिवसांचं ते सरकारने नाही, डॉक्टरने नाही, आमच्या नोटीस बोर्डावरच्या कागदाने ठरवलं होतं.

म्हणून आधी पैशाचं

आपल्याकडे ताप अंगावर काढणं ही जवळपास कौतुकाची गोष्ट आहे, "बघा एवढा ताप होता तरी आला" असं मालक पण म्हणतो आणि घरचे पण. पण त्याच्या मागे नव्वद टक्के वेळा खाड्याची भीती असते. हे माझं मत आहे, आकडेवारी नाही. तर साथ सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात, सॅनिटायझर आणायच्या पण आधी, हजेरी बोनस गोठवा. बंद करू नका, बंद केला तर बोंब होईल. गोठवायचा म्हणजे साथ संपेपर्यंत मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने सगळ्यांना देऊन टाकायचा, आजारपणाचे खाडे धरायचेच नाहीत. ज्यांचं पीस रेटवर, म्हणजे नगावर पैसे असं काम आहे त्यांना त्या दिवसांचा किमान रोज तरी द्या.

मालकाला पटवायचं तर हिशोब कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगून काही होत नाही. समजा हेल्परचा रोज ६०० आहे, सात दिवस भरपगारी घरी बसवला तर ४,२०० झाले. तोच माणूस आत आला आणि एक शिफ्ट आडवी झाली तर सात-आठ जणांचे प्रत्येकी तेवढेच दिवस जातात, वर लाइन बंद, वर कस्टमरची पेनल्टी, वर एखाद्याचं हॉस्पिटल. आमच्या शेठना हा हिशोब सात जण पडल्यावर पटला, तुमच्या शेठना आधीच पटो.

ईएसआय आहे हे पण लक्षात असू द्या, कपात दर महिन्याला होते आणि वापरायची वेळ आली की कुणाला काही माहीत नसतं. कोविडच्या काळात महिना २१,००० पर्यंत पगार असलेले त्यात बसत होते. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. अट अशी की त्याआधीच्या सहा महिन्यांच्या कपातीच्या काळात किमान ७८ दिवसांची कपात भरलेली पाहिजे. सुरुवातीचे दोन दिवस मिळत नाहीत, हां, आधीचं आजारपण संपून पंधरा दिवस व्हायच्या आत पुन्हा पडला तर मिळतात. मग तुम्ही एवढंच करायचं की ते पहिले दोन दिवस आणि वरचे ३० टक्के कंपनीने भरायचे. रक्कम फार नसते आणि माणूस घरी निवांत राहतो. आणि कोविडच्या काळात ज्याचा लाभ चालू असेल त्याला कामावरून काढता येत नव्हतं, तेव्हाच्या १९४८ च्या ईएसआय कायद्यात कलम ७३ होतं त्यासाठी, आत्ता जो नियम लागू असेल तो ठेकेदाराला मोठ्याने वाचून दाखवा कारण ठेकेदाराची माणसं सगळ्यात जास्त लवकर परत येतात, चार दिवस गेले की त्यांच्या जागी दुसरा उभा असतो.

सरकार पगार द्यायला लावेल या भरवशावर पण राहू नका. २९ मार्च २०२० ला केंद्राने लॉकडाऊनमध्ये पूर्ण पगार द्या असा आदेश काढला होता आणि मे महिन्यातच तो मागे घेतला.

दिवस मोजायचे कसे

यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, सुपरवायझर एक मोजतो, कामगार एक मोजतो आणि डॉक्टरची चिठ्ठी तिसरंच सांगते. पद्धत अशी की लक्षण ज्या दिवशी सुरू झालं तो दिवस शून्य. ताप ३ तारखेला आला तर ४ तारीख पहिला दिवस. लक्षणच नसेल आणि नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर सॅम्पल दिलं तो दिवस शून्य, रिपोर्ट हातात पडला तो दिवस नाही, २०२० मध्ये रिपोर्ट यायलाच तीन-चार दिवस लागायचे.

आता किती दिवस. ८ मे २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सौम्य रुग्णांसाठी नियम दिला की लक्षणापासून १० दिवस आणि शेवटचे ३ दिवस ताप नाही, मग सुट्टी, त्यानंतर घरी आणखी ७ दिवस. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या वेळी तो पॉझिटिव्ह आल्यापासून ७ दिवस आणि सलग ३ दिवस ताप नाही असा झाला. अमेरिकेत सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, डिसेंबर २०२१ मध्ये १० चे ५ केले आणि पुढचे ५ दिवस मास्क सांगितला, मार्च २०२४ मध्ये तेही सोडून २४ तास ताप नाही आणि बाकी लक्षणं कमी होतायत एवढ्यावर आणलं. सांगायचा मुद्दा, आकडा बदलत राहतो. म्हणून तुमच्या नोटिशीवर तारीख टाका आणि जुनी नोटीस फाडून मगच नवी लावा. आमच्याकडे एक वेळ अशी होती की बोर्डावर तीन नोटिसा, १७ दिवस, १० दिवस आणि ७ दिवस, आणि ज्याला जी सोयीची ती तो दाखवायचा.

दोन अटी असतात त्यातली जी उशिरा पूर्ण होते ती धरायची. समजा सात दिवसांचा नियम चालू आहे, ३ तारीख शून्य, म्हणजे १० तारखेला सात दिवस पूर्ण आणि ११ ला येता येईल. पण शेवटचा ताप ९ च्या रात्री होता, तर १०, ११, १२ हे तीन दिवस गोळी न घेता कोरडे गेले पाहिजेत, मग १३. "गोळी न घेता" हे तीन शब्द नोटिशीवर मोठ्या अक्षरात लिहा, जमलं तर मराठी आणि हिंदी दोन्हीत.

आणि हे आकडे कोविडचे आहेत. पुढची साथ दुसऱ्या कशाची असेल तर हेच चिकटवू नका. पुण्याला २००९ चा स्वाइन फ्लू आठवत असेल, ऑगस्टमध्ये शाळा आणि मल्टिप्लेक्स बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. फ्लूचा माणूस साधारण लक्षणाच्या एक दिवस आधीपासून पाच-सात दिवस पसरवतो, कोविडचा दोन दिवस आधीपासून दहाएक दिवस. आजार कुठला ते कळल्यावर त्याचा आकडा घ्यायचा, मोजायची पद्धत तीच.

गेटवर

थर्मल गनवर माझा आता फारसा विश्वास नाही, पण असू दे, निदान माणूस थांबतो आणि बोलतो. मनगटाला लावली की कमी दाखवते, हेल्मेट काढल्या काढल्या घामेजलेल्या कपाळाला लावली की काहीही दाखवते, उन्हातून आलेल्याला लावली की उगाच जास्त. सायकल स्टँडच्या सावलीत पाच-दहा मिनिटं बसवा मग लावा. १००.४ फॅरनहाइटच्या वर म्हणजे ताप, पण पॅरासिटामॉल घेतली की चार-सहा तास तो झाकला जातो, म्हणून गनपेक्षा प्रश्न महत्त्वाचा.

प्रश्न विचारायची पण एक रीत आहे. "ताप आहे का?" विचारलं तर शंभरातले शंभर नाही म्हणतात. "शेवटची गोळी कधी घेतली?" असं विचारा. आमच्याकडे या एका प्रश्नावर पहिल्या महिन्यात चार जण सापडले, एकजण तर सरळ बोलून गेला, "आत्ताच डोलो घेतली ना, निघताना." मग "घरात कोण झोपून आहे?" हे विचारा, कारण स्वतःचं लपवणारा माणूस पोराचं लपवत नाही. आणि "कशाने आलात?" शेअर रिक्षा, कंपनीची टेम्पो, का कुणाच्या गाडीवर मागे बसून, हे लिहून ठेवा, नंतर लागतं.

हे सगळं रांगेत सगळ्यांसमोर विचारू नका. आणि विचारणारा माणूस असा ठेवा की ज्याच्या हातात कुणाचा पगार कापायची ताकद नाही. मी टाइम ऑफिसचा, मस्टर माझ्याकडे, मला खरं कोण सांगणार? नंतर आम्ही स्टोअरच्या एका वयस्कर माणसाला उभं केलं, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांना लोक आपोआप सांगायला लागले.

आत आलाच असेल तर

सापडला समजा अकरा वाजता. पहिली गोष्ट, ओरडायचं नाही. एकदा फ्लोअरवर कुणाला झापलं की पुढचे पाच जण तोंड उघडत नाहीत. त्याला चांगला मास्क द्या, बाहेर मोकळ्या हवेत बाकड्यावर बसवा, पाणी द्या, घरी फोन लावून द्या. आम्ही पत्र्याखाली सायकल स्टँडशेजारी एक बाकडं कायमचं ठेवलं होतं. स्टोअर रूममध्ये किंवा फर्स्ट एडच्या कोंदट खोलीत नेऊन कोंडू नका, पुढचा माणूस त्याच खोलीत पट्टी बांधायला जातो. घरी पाठवताना शेअर रिक्षात बसवू नका, स्वतःची गाडी असेल आणि चालवायच्या अवस्थेत असेल तर ठीक, नाहीतर घरचं कुणीतरी बोलवा किंवा कंपनीच्या गाडीत मागे, काचा खाली करून, दोघांना मास्क.

मग मागचे दोन दिवस आठवायचे. लक्षणं सुरू व्हायच्या आधीचे दोन दिवस आणि नंतर तो जेवढे दिवस आत होता तेवढे. जवळचा संपर्क कुणाला धरायचा याचा नियम होता सहा फुटांच्या आत चोवीस तासांत मिळून पंधरा मिनिटं. पण नियमापेक्षा शॉपमध्ये विचारायचं ते असं: डबा कुणाबरोबर खाल्ला, चहाला कोण होतं, तंबाखू कुणाच्या पुडीतली, शिफ्ट सुटल्यावर गाडीवर मागे कोण बसलं, कपडे बदलायच्या खोलीत कोण होतं. मशीनवर दोघांत आठ फूट अंतर असतं, तिथून फार काही होत नाही, खरी देवाणघेवाण डब्याला आणि सुपारीला होते. त्या लोकांना सांगा, लक्षणं बघायला सांगा, जमलं तर टेस्ट.

नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. "प्रेस सेक्शनमधल्या एकाला आलंय, ज्यांनी त्या दिवशी दुसऱ्या बाकड्यावर डबा खाल्ला त्यांनी मला भेटा" एवढं पुरतं. लोकांना कळतंच कोण ते, पण तुम्ही लिहून दिलं नाही याने फरक पडतो. आमच्या एका पोराला चाळीत घरमालकाने नळावर पाणी भरू दिलं नव्हतं, कंपनीच्या ग्रुपवरचा मेसेज फिरत फिरत घरमालकाच्या पोराकडे गेला होता.

आणि "घरी थांब" म्हणण्याआधी त्याला घर आहे का ते बघा. ठेकेदाराची पोरं मोशीला, चाकणला एका खोलीत सहा-सहा राहतात, पाळीपाळीने झोपतात. त्याला खोलीवर पाठवणं म्हणजे बाकी पाच जणांना आजारी करून तुमच्याच गेटवर परत पाठवणं. दुसऱ्या लाटेत आम्ही वरच्या मजल्यावरचं रिकामं गोडाऊन साफ केलं, चार खाटा, दोन्ही बाजूच्या खिडक्या उघड्या, वेगळा संडास, आणि कँटीनवाल्याला सांगून डबा दाराबाहेर. सरकारी केंद्रात जागा मिळाली तर उत्तमच. पण एवढं जमत नसेल तर निदान ठेकेदाराशी बोलून खोली बदलून द्या.

कागद कुठले मागायचे, कुठले नाही

निगेटिव्ह आरटीपीसीआर आणल्याशिवाय घेणार नाही, ही अट घालू नका. त्या टेस्टमध्ये मेलेल्या विषाणूचे तुकडे पण पकडले जातात, माणूस बरा होऊन, पसरवायचा थांबून आठवडे झाले तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. सरकारच्या नियमात पण सौम्य रुग्णाला परत टेस्टची गरज नाही असं स्पष्ट होतं. या अटीने दोनच गोष्टी झाल्या, खरे बरे झालेले लोक महिनाभर बिनपगारी बसले आणि बाकीच्यांनी खोटे रिपोर्ट आणले. शंकाच असेल तर अँटिजेन किट वापरा, शेवटच्या दिवसांत माणूस अजून पसरवतोय का याचा अंदाज त्याने जास्त बरा येतो. पण ते निगेटिव्ह आलं म्हणून चौथ्या दिवशी आत घेऊ नका, दिवस ते दिवस.

फिटनेस सर्टिफिकेट चालेल, पण ते कुठल्याही दवाखान्यात मिळतं हे तुम्हाला पण माहितीये आणि मला पण. त्यावर लक्षण कधी सुरू झालं ती तारीख आहे का एवढं बघा. नसेल तर साध्या कागदावर माणसाकडूनच लिहून घ्या: ताप कधी आला, शेवटचा कधी होता, शेवटची गोळी कधी, खाली सही. ईएसआयवाल्यांचं वेगळं, त्यांचा दवाखाना शेवटी फायनल सर्टिफिकेट देतो, ते येईपर्यंत मस्टरवर हजेरी लावू नका. ज्या दिवशी पगारी काम केलं त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही, आणि अर्धा दिवस "जरा बघून जा" म्हणून बोलावलेल्या माणसाची हजेरी लागली की त्याचा क्लेम अडकतो, मग तो बिचारा तिथे खेपा घालत बसतो.

परत आल्यावर लगेच प्रेसवर नाही

याबद्दल कुणीच बोललं नव्हतं त्या वेळी, सगळे नियम पसरण्याबद्दलचे होते. माणूस पसरवत नाही म्हणजे तो कामाला लायक झाला असं नाही. कोविडनंतरचा थकवा, चक्कर, लक्ष न लागणं हे आठवडेच्या आठवडे राहतं. पॉवर प्रेसवर बोटं जायला अर्धा सेकंद पुरतो. आमच्याकडे मामा परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात डाय बसवताना शिम (खाली घालायची पातळ पट्टी) लावायला विसरले, पंधरा वर्षांत न विसरलेला माणूस. त्या दिवसापासून नियम केला की पहिले दोन आठवडे प्रेस नाही, क्रेन आणि फोर्कलिफ्ट नाही, शिडीवर किंवा उंचीवर नाही, नाइट शिफ्ट नाही, ओव्हरटाइम नाही. पॅकिंग, मोजणी, डीबरिंग (पार्टच्या धारदार कडा घासणं), टॅग लावणं असलं काम द्यायचं, बसून. पगार मात्र मूळ कामाचाच, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी "साहेब मला प्रेस द्या" म्हणतो.

पहिल्या दिवशी आत घेताना सहा मिनिटं चालायची टेस्ट घ्या, महाराष्ट्रात घरोघर सांगितली गेली होती ती. आधी ऑक्सिमीटर लावून आकडा लिहा, मग शॉपच्या बाहेर सपाट जागेवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालवा, परत लावा. ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्तने उतरला किंवा धाप लागली तर कामावर नाही, डॉक्टरकडे. आपल्याकडची खास अडचण म्हणजे बोटं. ग्रीस आणि कूलंट मुरलेली, नखांत काळं, त्यावर ऑक्सिमीटर काहीही दाखवतो, एकदा एकाचा ८१ आला आणि सगळ्यांची धावपळ, बोट साबणाने धुऊन परत लावलं तर ९७. मेंदी, नेलपॉलिश, थंडगार हात, याने पण तसंच होतं. आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा.

शुगर असलेला माणूस, हॉस्पिटलमध्ये स्टेरॉइड घेऊन आला असेल तर त्याच्याकडे जरा जास्त लक्ष. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती लोकांचे डोळे गेले ते आपण बघितलंय. एका बाजूचा गाल किंवा डोळा दुखतोय, सुजलाय, नाकातून काळपट येतंय असं म्हणाला तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, शिफ्ट संपायची वाट नाही बघायची. ग्राइंडिंगच्या धुळीत त्याला अजिबात बसवू नका.

हवा, डबा आणि शॉपमधल्या बारीकसारीक गोष्टी

मोठ्या शेडमध्ये पत्रा उंच असतो, दोन्ही शटर उघडी ठेवली आणि एक्झॉस्ट चालू असला की बरंच काम होतं. खरी धोक्याची जागा म्हणजे क्यूसी किंवा सीएमएम (पार्टची बारीक मापं घेणारं मशीन) रूम. तापमान २० ला ठेवायचं म्हणून दार बंद, एसी तीच हवा फिरवतो, आणि आत तिघं-चौघं डोक्याला डोकं लावून एका पार्टकडे बघतायत. मार्च २०२० मध्ये दक्षिण कोरियात सोलमधल्या एका कॉल सेंटरला ११ व्या मजल्यावर २१६ लोक कामाला होते, त्यातले ९४ पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. लिफ्ट आणि लॉबी सगळ्यांची एकच होती, तरी झालं ते मुख्यतः तासन्‌तास एकत्र बसणाऱ्यांना. परत आलेल्या माणसाला महिनाभर तरी त्या रूममध्ये पाठवू नका, पार्ट बाहेर आणून दाखवा. रूममध्ये एका वेळी एक, आणि दर तासाला दहा मिनिटं दार उघडं. मोजमाप बिघडतं म्हणून इन्स्पेक्टर कुरकुर करेल, करू दे, पार्ट परत स्थिर होईपर्यंत चहा पिऊन ये म्हणावं.

डब्याच्या वेळी मास्क निघतो, म्हणून दोन बॅचेस करा आणि बाकडी एका दिशेने लावा. भाजी वाटून खाणं बंद होत नाही, खरं सांगतो, आम्ही फार प्रयत्न केला. मग एवढंच केलं की डब्याची जागा आतून बाहेर, झाडाखाली हलवली. पावसाळ्यात ताडपत्री. परत आलेला माणूस पहिले पाच दिवस वेगळ्या बाकड्यावर, पण एकट्याला कोपऱ्यात बसवू नका, मी स्वतः थोडं लांब त्याच्यासमोर माझा डबा घेऊन बसायचो.

मास्कमध्ये आपल्या शॉपमध्ये एक घोळ असतो. धुळीसाठीचे व्हॉल्ववाले मास्क स्टोअरला पडलेले असतात, तेच वाटून टाकले जातात. व्हॉल्वमधून श्वास गाळल्याशिवाय बाहेर येतो, म्हणजे घालणारा वाचतो आणि समोरचा नाही. सरकारने पण जुलै २०२० मध्ये याबद्दल बजावलं होतं. परत आलेल्या माणसाला बिनव्हॉल्वचाच द्या.

सॅनिटायझर वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग याच्या जवळपास ठेवू नका. त्यात अल्कोहोल असतं, हात ओले असताना टॉर्च पेटवली की हाताने पेट घेतला म्हणून समजा, आणि ती ज्योत उजेडात दिसत पण नाही नीट. त्या सेक्शनला साबण-पाणी, बस. माणसांवर फवारा मारणारे बोगदे पण नकोत, एप्रिल २०२० मध्येच आरोग्य मंत्रालयाने सांगितलं होतं की माणसावर केमिकल मारून उपयोग नाही, उलट डोळ्यांना आणि कातडीला त्रास. आणि शिफ्ट सुटताना एअर गनने अंगावरची धूळ उडवायची सवय, ती तशीही वाईट, साथीत तर दुप्पट. त्या नळीला कुलूप लावा.

आता जाता जाता टाइम ऑफिसच्या माणसाला एक काम. पुढच्या वेळी पहिला आठवडा शोधाशोधीत जातो, तेव्हा एक जुना पत्र्याचा डबा घ्या, त्यात वरच्या नोटिशीची मराठी-हिंदी प्रत, गोळी-तापाच्या तारखांचा कोरा फॉर्म, ठेकेदारांचे आणि जवळच्या ईएसआय दवाखान्याचे नंबर, दहा-वीस बिनव्हॉल्वचे मास्क आणि ऑक्सिमीटर ठेवून द्या. ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवा. आमचा परवा उघडला तर आत सेल फुटून हिरवं झालेलं, पत्र्या खाल्लेल्या.